बुलडोझरआधी समोच्चरेषा

डोंगरावर विद्यापीठ बांधायचे म्हटले की आपल्याकडे पहिले टेंडर बहुधा सपाटीकरणाचे निघते. कॅनडातल्या बर्नाबी डोंगरासाठी 1963 साली वेगळा विचार झाला. सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या आराखड्याची स्पर्धा जिंकणाऱ्या आर्थर एरिक्सन आणि जेफ्री मॅसी यांनी सुट्या इमारती टाळून माथ्यावर एकसलग, बुटके, टप्प्याटप्प्याने उतरणारे संकुल आखले. पावसाळी हवा ओळखून मधल्या प्रशस्त चौकावर काचेचे छप्पर घातले. 1965 मध्ये वर्ग भरू लागले.

धुक्यात ते काँक्रीट उदास वाटते, ही तक्रार रास्तच.

इटलीतल्या कालाब्रिया विद्यापीठासाठी व्हित्तोरिओ ग्रेगोत्ती यांनी निराळी चाल खेळली. टेकड्यांवरून सरळ पूल नेला आणि विभागांचे ठोकळे त्याला जोडले. पुलाची रेषा ढळत नाही. खालची जमीन चढते-उतरते, तशी इमारतींची उंची बदलते.

सह्याद्रीत मामला अधिक नाजूक. पाऊस चार महिन्यांत कोसळतो. उतार बेतालपणे कापला की ओहोळांच्या वाटा बुजतात आणि पाणी मुरून संरक्षक भिंतींवर दाब वाढतो. म्हणून समोच्चरेषा आणि ओहोळ दाखवणारा नकाशा विद्यापीठांनी भूमिपूजनाचा मुहूर्त काढण्याआधीच लोकांपुढे ठेवावा, आणि त्यावर हरकती मागवाव्यात.