इंजिनात पाणी गेले म्हणून क्लेम रिजेक्ट. पण पत्र नीट वाचले का?

पावसाळा आला की आपल्या कोकणात दोन गोष्टी ठरलेल्या. नदी-खाडीचे पाणी बाजारपेठेत शिरते, आणि महिन्याभराने गॅरेजबाहेर बंद पडलेल्या गाड्यांची रांग लागते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, सावित्रीने महाड. त्या वेळी घरे, दुकाने, धान्य यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. गाड्यांबद्दल मात्र कोणी फारसे बोलले नाही. कर्ज काढून घेतलेली गाडी चिखलात गेली, हप्ता चालूच, आणि विमा कंपनी म्हणते इंजिनचे पैसे मिळणार नाहीत. अशा घरांचे काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सहकारी शिक्षकांवर हीच वेळ आली. वलीम्याहून कुटुंबासह परतत होते. पुलाच्या उतारावर पाणी अचानक वाढले आणि गाडी जागेवर बंद पडली. त्यांनी पुन्हा चावी फिरवली नाही. मुलांना उतरवले, चार पोरांनी धक्का मारून गाडी कडेला लावली आणि दुसऱ्या दिवशी ती क्रेनने वर्कशॉपला गेली. इंजिन उघडल्यावर कनेक्टिंग रॉड वाकलेला. खर्च सव्वा लाखाच्या वर. कंपनीने सीट, कार्पेट, वायरिंग यांचे पैसे घसारा कापून मंजूर केले आणि इंजिनबद्दल फोनवर एवढेच सांगितले, "सर, ते कव्हर होत नाही, तुम्ही इंजिन प्रोटेक्ट घेतले नव्हते."

सर गप्प बसले. आपल्याकडे बहुतेक जण असेच गप्प बसतात.

आधी इंजिनात काय होते ते पाहू. इंजिन हवा खेचते, दाबते, मग इंधन जळते. हवेच्या वाटेने पाणी आत गेले तर पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, अडतो आणि रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. इंजिन फिरत नसेल तर रॉड वाकत नाही. त्यामुळे वाकलेला रॉड दिसला की सर्व्हेअर लगेच लिहितो, गाडी पाण्यात चालवली किंवा पुन्हा स्टार्ट केली. पण या दोन गोष्टी एक नव्हेत. आमच्या मते सगळा वाद इथेच आहे.

सर्वसमावेशक पॉलिसीत पूर, वादळ, जलमय होणे या कारणांनी झालेले नुकसान भरून देण्याचे वचन असते. 'परिणामी नुकसान' आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. शिवाय एक अट असते: गाडी बंद पडल्यावर दुरुस्तीआधी ती चालवली आणि नुकसान वाढले, तर ते वाढीव नुकसान मालकाचे. म्हणजे बंद पडलेली गाडी कोणी दहा वेळा सेल्फ मारून फोडली असेल तर कंपनीचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, हे आपणही मान्य करावे. पण धावत्या गाडीत पुराचे पाणी शिरले आणि त्याच क्षणी इंजिन गेले, तर ते वाढीव नुकसान कसे? ते पुराने केलेले पहिलेच नुकसान आहे. कंपन्या दोन्ही प्रकार 'परिणामी नुकसान' या एकाच पोत्यात भरतात. इंजिन प्रोटेक्ट घेतलेले असते तर वादच राहिला नसता, हे खरे. पण ते नाही म्हणजे मूळ पॉलिसीतला पूर रद्द झाला, असे होत नाही.

आम्ही वर्गात मुलांना सांगतो, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न वाचा. सरांना तेच सांगितले: आधी नकार लेखी मागा, कोणत्या अटीखाली ते लिहून मागा, आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. लेखी पत्राला वजन आहे. त्यात नसलेले नवे कारण कंपनी नंतर कोर्टात पुढे करू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात म्हटले. सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नाही, हे २००९ मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात. आणि वगळणुकीचे कलम लावायचे तर ते लागू होते हे कंपनीने सिद्ध करायचे, मालकाने नव्हे.

आपल्या बाजूने पुरावा म्हणजे काय? पाण्यातल्या गाडीचे फोटो, दारावरची पाण्याची रेघ, क्रेनची पावती, धक्का मारणाऱ्यांची नावे. इंजिन उघडताना स्वतः हजर राहा. 'संपूर्ण व अंतिम' लिहिलेल्या व्हाउचरवर घाईत सही नको. करावीच लागली तर 'हरकतीसह' असे लिहून करा.

कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र द्यावे. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे कार्यालय आहे. फी नाही, वकील चालत नाही, नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्याला पटला नाही तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. उलटे मात्र चालत नाही, आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची, तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते आणि भरलेला प्रीमियम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. गाडीचा प्रीमियम तेवढा कोणाचा असतो?

विमा घ्यावा की नाही यावर आपल्या समाजात मतमतांतरे आहेत, तो विषय उलेमांचा. अनेक जण कायद्याने सक्तीचा आहे म्हणून फक्त थर्ड पार्टी घेतात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की त्यात स्वतःच्या गाडीला पुराचा एक रुपयाही मिळत नाही. पण ज्यांनी पूर्ण प्रीमियम भरला आहे, त्यांनी आपला हक्क मागायला संकोच कशाला?

सरांना अखेर दीड पानी नकारपत्र मिळाले. त्यात 'इंजिन प्रोटेक्ट नाही' हे कारणच नाही, फक्त 'परिणामी नुकसान' एवढेच आहे. गाडी पुन्हा स्टार्ट केल्याचा उल्लेख कुठेही नाही. तेच पत्र जोडून त्यांनी लोकपालाकडे अर्ज टाकला आहे. मसुदा आम्ही स्टाफरूममध्ये बसून मराठीत लिहिला. आता सुनावणीच्या तारखेची वाट पाहतो आहोत.