पाटीवरचा बिंदु आणि पायांखालची वाट

परीक्षा आटोपून मुलांना सुट्या लागल्या कीं आतां पुष्कळ कुटुंबें स्वतःची मोटार घेऊन दूरच्या प्रवासास निघतात. पूर्वीं मध्यमवर्गीय गृहस्थाची धांव काशी-रामेश्वरापर्यंत असे. आतां ती स्पिती, लडाख आणि कच्छच्या रणापर्यंत पोहोंचली आहे, आणि घराजवळ म्हणाल तर सह्याद्रींतील आडवाटा आहेतच. अशा प्रवासांत चालकाच्या समोर एक टॅबलेट बसविलेला असतो. टॅबलेट या शब्दाचा एक जुना अर्थ पाटी असाच आहे. तेव्हां ज्यांचें सारें आयुष्य पाट्या तपासण्यांत गेलें अशा आम्हीं त्या यंत्रास पाटीच म्हटलें, तर वाचकांनीं राग मानूं नये.

या पाटीसंबंधीं दोन समज आमच्या कानांवर वारंवार येतात. पहिला असा कीं, मोबाइलची रेंज गेली म्हणजे पाटी आंधळी होते. मग ती बरोबर नेण्यांत अर्थ काय? दुसरा असा कीं, तिचा संबंध थेट उपग्रहांशीं असल्यामुळें ती सर्वज्ञ आहे आणि ती दाखवील तिकडे मोटार खुशाल घालावी. पहिल्या समजानें एक चांगलें साधन वायां जातें. दुसऱ्यानें माणसांचे प्राण गेलेले आहेत. दोहोंचाहि विचार सुटीपूर्वींच व्हावा, म्हणून हा विषय या महिन्यांत घेतला आहे.

प्रथम पहिल्या समजाचा निकाल लावूं. जी.पी.एस. या व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपलें स्थान आणि आपल्या घड्याळांतील वेळ अखंड सांगत असतो. पाटींतील ग्राहक यंत्र तो संकेत ऐकतें, तो येण्यास किती वेळ लागला हें पाहतें, आणि त्यावरून उपग्रहाचें अंतर काढतें. अशीं तीन अंतरें मिळालीं कीं स्थान निघावें. परंतु पाटीचें घड्याळ उपग्रहांतील आण्विक घड्याळाइतकें नेमकें नसतें, म्हणून ती चूक काढून टाकण्यास चौथा उपग्रह लागतो. या सर्व व्यवहारांत मोबाइलच्या मनोऱ्याचें कांहींच काम नाहीं. मनोरा जवळ असला तर उपग्रहांचें पंचांग तो आयतें पुरवितो आणि स्थान क्षणांत मिळतें, एवढाच त्याचा उपकार. तो नसेल तर तेंच पंचांग उपग्रहांकडून सावकाश ऐकून घ्यावें लागतें व त्यास कांहीं मिनिटें लागतात. मोकळ्या आकाशाखालीं थांबून तेवढा धीर धरावा. भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीसारख्या अरुंद घळींत मात्र आकाशाची एक पट्टीच दिसते. तेथें उपग्रह थोडे सांपडतात, कड्यांवर आपटून आलेले संकेत घोटाळा करतात, आणि पाटीवरचा बिंदु भलतीकडे सरकतो.

येथें एक मेख आहे, आणि खरेदीच्या वेळीं दुकानदार ती सांगेलच असें नाहीं. हें ग्राहक यंत्र सर्वच पाट्यांत नसतें. आयपॅडचें उदाहरण घ्या. ज्यांत केवळ वाय-फायची सोय आहे त्यांत जी.पी.एस. नसतें, ज्यांत मोबाइलच्या जोडणीचीहि सोय आहे त्यांत तें असतें, मग ती जोडणी चालू असो वा नसो. इतर कंपन्यांच्या पाट्यांत दोन्ही प्रकार आढळतात. केवळ वाय-फायवाली पाटी शहरांत आसपासच्या वाय-फायवरून स्थानाचा अदमास बांधते. त्यामुळें घरीं सर्व ठीक वाटतें, आणि रानांत पोहोंचल्यावर ती मौन धरते. तिची परीक्षा सोपी आहे. मोबाइलची जोडणी व वाय-फाय दोन्ही बंद करावीं, पाटी गच्चीवर न्यावी आणि दहा-पंधरा मिनिटें वाट पाहावी. बिंदु आपल्या गच्चीवर येऊन बसला तर पाटी उत्तीर्ण समजावी. न बसल्यास ब्लूटूथनें जोडावयाचा निराळा ग्राहक बाजारांत मिळतो.

दुसरी गोष्ट नकाशाची. स्थान आकाशांतून मिळतें, परंतु नकाशा आपणच बरोबर न्यावयाचा असतो. तो आधीं पाटींत उतरवून घेतला नसेल, तर रानांत कोऱ्या पटावर एक निळा ठिपका तेवढा दिसतो. ओपन स्ट्रीट मॅप हा जगभरच्या स्वयंसेवकांनीं २००४ पासून भरीत आणलेला नकाशा आहे. त्यावर आधारलेलीं ऑर्गॅनिक मॅप्स, ओस्मअँड यांसारखीं साधनें रेंजविना उत्तम चालतात. गूगलचा नकाशाहि हवा तेवढा भाग निवडून उतरवितां येतो. मात्र रेंज नसतां तो मोटारीचा मार्ग सांगतो, पायवाटेचा सांगत नाहीं. ज्यांना डोंगराची चढण समजून घ्यावयाची आहे त्यांनीं, १७६७ सालीं स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे पाहावे. त्यांतील समोच्च रेषा जेथें एकमेकींस चिकटून येतात तेथें कडा आहे, हें आमच्या वेळचा मॅट्रिकचा विद्यार्थीहि सांगे. त्यांची एक कागदी प्रत मोटारींत ठेवावी. कागदाची बॅटरी उतरत नाहीं.

आतां दुसऱ्या आणि अधिक घातक समजाकडे वळूं. आपण कोठें आहों हें कळणें आणि पुढें कसें जावें हें कळणें, या दोन भिन्न विद्या आहेत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर बसून पाटी पाहिली, तर पायथ्याचा बेलपाडा टीचभर अंतरावर दिसतो. त्या टीचभर अंतरांत कोकणांत कोसळणारा कडा आहे. लाहौलांतून कुंझुम खिंडीकडे जातांना चंद्रा नदीच्या कांठीं बर्फाच्या पाण्याचे ओढे वाटेंत आडवे येतात. रात्रीच्या थंडीनें बर्फाचें वितळणें मंदावतें, म्हणून सकाळीं ओढ्यास उतार असतो. ऊन तापलें कीं दुपारीं तोच ओढा मोटार अडवितो. पाटीवरील रेषा मात्र सकाळीं आणि दुपारीं एकच.

या अज्ञानाची किंमत महाराष्ट्रानेंहि मोजली आहे. जानेवारी २०२१ मध्यें कळसूबाईस निघालेल्या पुण्याच्या मंडळींची मोटार अकोले तालुक्यांत, रात्रीच्या अंधारांत, नकाशानें दाखविलेल्या मार्गानें गेली. तो मार्ग धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या पुलावरून होता. चालक बुडून मृत्यु पावला. परदेशांतहि हाच अनुभव आहे. ऑस्ट्रेलियांत डिसेंबर २०१२ मध्यें एका मोठ्या कंपनीच्या नव्या नकाशांत मिल्ड्युरा हें शहर त्याच्या खऱ्या जागेपासून सुमारें ७० किलोमीटर दूर, मरी-सनसेट या निर्जल राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यभागीं दाखविलें गेलें. कित्येक प्रवासी तेथें अडकले, आणि त्या भागांत उन्हाळ्यांत पारा ४६ अंशांपर्यंत चढतो असा इशारा पोलिसांस द्यावा लागला. या प्रसंगांत उपग्रहांचा दोष नव्हता. बिंदु बरोबर होता, नकाशा चुकीचा किंवा शिळा होता. आणि समोरचें पाणी, समोरचें रान दिसत असतां माणसानें डोळ्यांपेक्षां पाटीवर अधिक विश्वास ठेविला.

संस्कृताच्या वाचकांस येथें मेघदूत आठवेल. रामगिरीवरचा यक्ष (हा रामगिरि म्हणजे नागपुराजवळचें रामटेक, असें अनेक विद्वान मानतात) मेघास अलकेची वाट सांगतो. तींत कोसांची मोजदाद नाहीं. थकल्यावर कोणत्या डोंगरावर विसावा घ्यावा, कोणत्या नदीचें पाणी प्यावें, कोणती नगरी वाट वांकडी करूनहि पाहावी, हें तो सांगतो. वाट सांगणें याचा अर्थ हा असा असतो. ही माहिती आजहि शेवटच्या गांवांतल्या चहावाल्याजवळ, गुराख्याजवळ, समोरून येणाऱ्या ट्रकच्या चालकाजवळ आहे. मोटार थांबवून, खालीं उतरून, “दादा, पुढें पाणी किती आहे?” असें विचारण्यास पदवीधरांस कमीपणा वाटूं नये.

कांहीं व्यावहारिक सूचना करतों. पाटी काचेजवळच्या उन्हांत तापली कीं आपोआप बंद पडते. आयपॅडसाठीं तर भोंवतालचें तापमान ३५ अंशांच्या आंत असावें असें कंपनीच सांगते. तेव्हां तिला सावलींत, वाऱ्याच्या झोतासमोर बसवावें आणि चार्जर मोटारीस जोडलेला असावा. अक्षांश-रेखांश कोणास कळवितांना अंश-कला आणि दशांश यांची गल्लत करूं नये. १९ अंश ३० कला म्हणजे १९.५० अंश, त्यांस १९.३० म्हणून लिहिलें तर सुमारें २२ किलोमीटरांची चूक होते, आणि शोधास निघालेलीं माणसें दुसऱ्याच खोऱ्यांत हिंडतात. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानांत असावी: पाटीचा ग्राहक केवळ ऐकतो, त्याच्यातर्फे कोणास हांक मारतां येत नाहीं. उपग्रहाद्वारां बोलणारे दूरध्वनि आपल्या देशांत सरकारी परवानगीवांचून बाळगतां येत नाहींत. परदेशस्थ मुलानें प्रेमानें पाठविलेलें तसलें यंत्र बरोबर नेऊन संकट ओढवून घेऊं नये. त्यापेक्षां घरच्या एका माणसास लेखी कळवून निघावें कीं, आम्ही अमुक वाटेनें जातों आणि अमुक वेळेपर्यंत आमचा फोन आला नाहीं तर तेथील पोलिसांस कळवा.

राहिली एक गोष्ट, ती यंत्राची नसून घराची आहे. आमच्या कुटुंबांत चाक ज्याच्या हातीं त्याचा शब्द शेवटचा, अशी रीत पडली आहे. मागच्या आसनावर बसलेली सून किंवा वृद्ध आई “आतां परत फिरूं या” म्हणाली, तर त्यास भित्रेपणा समजून हंसण्यावारी नेतात. आडवाटेस ही रीत मोडावी. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वींच ठरवावी, आणि त्याआधींहि मोटारींतील कोणाहि एकानें, मग तें दहा वर्षांचें मूल कां असेना, परत फिरण्याविषयीं म्हटल्यास वाद न घालतां थांबून विचार करावा. परत येण्याचें साधन पाटींत आहे. निघतांनाच वाट नोंदविण्याची सोय चालू केली, तर आपण जेथून जेथून आलों तेथून तेथून ती एक रेषा काढीत येते. पाटीवरील इतर सर्व रेषा दुसऱ्यांनीं काढलेल्या असतात. ही एकच रेषा अशी कीं, तिच्यावरून आपली मोटार आजच सुखरूप आलेली आहे.