घर लावणे आणि ‘इंटिरिअर’ करणे



मराठीत ‘घर लावणे’ असा एक साधा, जुना शब्दप्रयोग आहे. नव्या बिऱ्हाडात सामान उतरले की घरातील माणसे दोन-चार दिवस घर लावीत असत. कपाट कोणत्या भिंतीला टेकवायचे, पाण्याचा पिंप कोठे, देव्हारा कोणत्या कोपऱ्यात, हे ठरविताना वादही होत. या क्रियेत खरेदी गृहीत नव्हती. जे आहे त्याला योग्य जागा देणे, एवढाच तिचा अर्थ होता. आज आपण ‘इंटिरिअर करून घेतो’. क्रियापद बदलले आणि त्याबरोबर कर्ताही बदलला. घर आता घरातली माणसे लावीत नाहीत, ते पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतले जाते. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी हा बदल नुसता नोंदवून पुढे जाऊ नये. पर्यावरणपूरक गृहसजावटीचा प्रश्न, माझ्या मते, या दोन क्रियापदांमधल्या अंतराचा आहे.

‘पर्यावरणपूरक’ या विशेषणाकडेच पाहा. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारे. कारखान्यात तयार होऊन, कागदात गुंडाळून, ट्रकमधून आलेले कोणतेही नवे कपाट निसर्गाची कोणती उणीव भरून काढते? फार तर ते दुसऱ्या कपाटापेक्षा कमी हानी करीत असेल. तरीही हिरवे पान छापलेल्या रंगाच्या डब्यापासून ‘नैसर्गिक’ गाद्यांपर्यंत सर्वत्र हा शब्द सैलपणे वावरतो. केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणाच्या दृष्टीने बऱ्या वस्तूंसाठी ‘इकोमार्क’ ही योजना आणली. तिचे चिन्ह मातीचे मडके होते. चिन्ह निवडणाऱ्याची दृष्टी मार्मिक म्हटली पाहिजे; पण तुमच्यापैकी किती जणांनी ते मडके एखाद्या वस्तूवर पाहिले आहे? पुढे २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला, पर्यावरणाच्या नावाने केल्या जाणाऱ्या मोघम आणि निराधार दाव्यांना आळा घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. ती काढावी लागली, यातच शब्दाची अवस्था स्पष्ट होते.

या शब्दाला मी स्वतःही भुललो आहे. आमच्या घरी आजीचे सागवानी कपाट होते. दार लावताना करकरत असे आणि एका कोपऱ्यात त्याला कसर लागली होती. घर नव्याने सजविताना ‘झाडे वाचविणारे, पर्यावरणपूरक’ असे सांगून आम्हाला भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटे सुचविण्यात आली. आजीचे कपाट जुने सामान घेणाऱ्याकडे गेले. पहिले काही आठवडे नव्या कपाटांना असा उग्र वास येई की आईचे डोळे चुरचुरत. तिसऱ्या पावसाळ्यात सिंकखालची फळी भिजलेल्या पावासारखी फुगली. ती रंधता येईना, की तिला नवी बिजागरी बसेना. स्क्रू फिरवावा तर भुसा गळे. सुताराने पाहून मान हलविली आणि ‘हे टाकूनच द्या’ असे सांगितले. वाचविलेल्या झाडांचा हिशेब तेथेच संपला.

त्या वासाचे कारण नंतर कळले. प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांतील लाकडाचे थर, तंतू वा चुरा एकमेकांना चिकटविण्यासाठी बहुधा फॉर्मल्डिहाइडपासून बनविलेली राळ वापरतात. उष्ण आणि दमट हवेत हा वायू फळीतून अधिक वेगाने बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांत केला. याचा अर्थ प्रत्येक नवे कपाट विषारी आहे असा नव्हे. कमी उत्सर्जनाच्या फळ्याही मिळतात. परंतु नवी कपाटे बसवून लगेच खिडक्या बंद करायच्या आणि वातानुकूलन यंत्र लावायचे, ही पद्धत मात्र अविचाराची आहे.

अशा वेळी पुष्कळ जण कुंड्या आणून ठेवतात. घरातील रोपे हवा शुद्ध करतात, या समजुतीचे मूळ ‘नासा’च्या १९८९ मधील एका अभ्यासात सापडते. पण ते प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाले होते. राहत्या घरात दोन समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की जेवढी हवा बदलते, तिच्यापुढे चार कुंड्यांचे काम नगण्य ठरते. रोपे अवश्य ठेवा. ती डोळ्यांना बरी वाटतात, एवढे कारण पुरेसे आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: हे सारे जुन्याचे गोडवे नाहीत काय? तसे ते होऊ नयेत. वाड्यातील माजघर अंधारे असे. शेणाने सारवलेली जमीन थंड असे खरी, पण ती सारवणारे हात नेहमी स्त्रियांचेच असत. कौलारू घराची दरवर्षी शाकारणी करावी लागे. शिवाय काही वस्तू जुन्या ठेवणे हाच अपव्यय असतो. साधारण ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा लावला आणि तो रोज दहा तास फिरला, तर वर्षाला दीडशेहून अधिक युनिट वाचतात. म्हणून मी माझ्यापुरता एक भेद करतो. जी वस्तू रोज वीज खाते ती बदलण्याचा विचार करावा. जी नुसती उभी असते तिला उभी राहू द्यावी, दुरुस्त करावी, हवे तर खोली बदलावी.

लॉरी बेकर या वास्तुशिल्पकाराने केरळात हेच मोठ्या प्रमाणावर केले. १९४५ मध्ये इंग्लंडहून भारतात आलेल्या या गृहस्थाने विटांच्या भिंतींना अनेकदा गिलावा दिलाच नाही. गिलावा नाही, म्हणून रंग नाही, आणि दर काही वर्षांनी नव्याने रंगविण्याचा खर्चही नाही. विटांमध्ये ठेवलेल्या जाळीतून वारा आणि उजेड येई. पाडलेल्या इमारतींची दारे आणि कौले त्याने नव्या घरांत वापरली. सजावट वाढविण्यापेक्षा ती अनावश्यक करणे, हे त्याचे कौशल्य होते.

तुमच्यापैकी अनेक जण भाड्याच्या घरात राहत असतील. भिंतीला खिळा ठोकायलाही घरमालकाची परवानगी लागत असेल. तरीही करण्यासारखे बरेच असते. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्याऐवजी बाहेरून बांबूच्या चिकाचा पडदा सोडला, तर ऊन काचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडते. आतला पडदा काच ओलांडून आलेली उष्णता फक्त लपवितो. जुन्या साड्यांची गोधडी तर आपल्याकडे कोणी पर्यावरणासाठी शिवली नाही. ती ऊब देते आणि साडी टाकवत नाही, म्हणून शिवली गेली. आमच्या सिंकखाली आता फळीचे दार नाही. आईच्या एका सुती साडीचा पडदा आहे, आणि तो महिन्यातून एकदा धुता येतो.

ज्यांचे स्वतःचे घर आहे आणि ज्यांनी कर्ज काढून ते सजवायचे ठरविले आहे, त्यांनी कंत्राटदाराला काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. फळ्यांची उत्सर्जनश्रेणी कोणती, ‘ई-०’ की ‘ई-१’? रंगात शिसे किती? २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांसाठी त्याची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरविली आहे. छताखाली पीओपीचे दुसरे छत कशासाठी हवे? आणि अंदाजपत्रक हाती आले की ते वरपासून वाचावे. पहिली नोंद बहुधा ‘जुने सामान काढून टाकणे’ अशीच असते. बोलणी त्या नोंदीपासून सुरू करावीत.