लिंक नको, शिक्षक हवा!

फर्दापूर हे अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याचे गाव. जपानी कर्जाच्या साहाय्याने शासनाने येथे एक अभ्यागत केंद्र उभारले आणि त्यात १, २, १६ व १७ या क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती बांधल्या. मूळ चित्रांवरील गर्दीचा ताण कमी व्हावा, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु प्रतिकृती म्हणजे लेणे नव्हे, हे फर्दापूरचे शेंबडे पोरही सांगेल. राज्यकर्त्यांना शिक्षणाच्या बाबतीत मात्र हे साधे सत्य मान्य नाही. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारी प्रतिकृती हाच वर्ग होय असे सोयगाव तालुक्यातील कष्टकऱ्यांच्या मुलांनी समजावे, आणि हाडामांसाचा शिक्षक मागू नये, असा हा सारा बनाव आहे.

या बनावाची खरी कसोटी लागते ती बीजगणितात. हा विषय पुढील शिक्षणाच्या वेशीवरचा जकातनाका आहे. वर्गसमीकरणे कच्ची राहिली, तर तंत्रनिकेतनाचे पहिले वर्ष निघत नाही, विज्ञान शाखा झेपत नाही आणि नोकरीच्या स्पर्धा परीक्षेतही अडते. शहरातील सुखवस्तू घरातला मुलगा येथे अडखळला, तर त्याचा बाप खाजगी शिकवणीचे पैसे मोजतो. लेण्यांवर डोली वाहणाऱ्याच्या, पर्यटकांना रंगीत दगड विकणाऱ्याच्या किंवा कापसाच्या शेतात राबणाऱ्या बाईच्या मुलाने काय करावे? त्याला सांगितले जाते : ही लिंक घे, आणि शिक!

बीजगणितात चूक कशी होते, हे ज्याने एकदा तरी शिकवले आहे त्याला ठाऊक असते. विद्यार्थी (अ + ब)² = अ² + ब² असे लिहितो. यंत्र उत्तरावर तांबडी फुली मारते आणि पुढच्या प्रश्नाकडे जाते. फार तर तीच चित्रफीत पुन्हा दाखवते. शिक्षक वही हाती घेतो, ती ओळ शोधतो, फळ्यावर अ + ब बाजूचा चौरस काढतो आणि त्याचे चार तुकडे करून दाखवतो : एक अ², एक ब², आणि उरलेले दोन आयत, प्रत्येकी अब. गाळलेले २अब कोठे होते, हे मुलाला त्या क्षणी डोळ्यांनी दिसते. चूक कोणत्या समजुतीतून झाली हे ओळखणे, हेच गणिताच्या शिक्षणाचे मर्म आहे. ज्याला गणित येते त्याला चित्रफीत पुरते. ज्याचे अडले आहे, त्याला माणूस लागतो.

ज्या अमेरिकेकडे बोट दाखवून ही आधुनिकता विकली जाते, तेथील अनुभव काय सांगतो? तेथील कम्युनिटी कॉलेजे म्हणजे प्रामुख्याने कामगारांच्या, अल्प उत्पन्न गटांच्या मुलांची दोन वर्षांची सरकारी महाविद्यालये. मध्यम पातळीच्या बीजगणिताचा अडथळा तेथेही असंख्यांना वर्षानुवर्षे रोखत आला. वॉशिंग्टन राज्यातील अशा महाविद्यालयांच्या ४० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी घेतलेल्या सुमारे ५ लाख अभ्यासक्रमांची तपासणी कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी केली आणि ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. निष्कर्ष असा, की ऑनलाइन अभ्यासक्रमांत सर्वच गटांची कामगिरी घसरली. आणि अधिक घसरली ती तरुण मुलांची, कृष्णवर्णीयांची व आधीच मागे असलेल्यांची. म्हणजे जे साधन विषमता मिटवेल म्हणून डंका पिटला गेला, त्याने ती रुंदावली. त्याच देशात मिसिसिपीच्या नागरी हक्क लढ्यातील कार्यकर्ते बॉब मोझेस यांनी १९८२ साली बीजगणित शिकवण्याची चळवळ उभारली. मताच्या हक्काइतकाच गणिताचा हक्क मोलाचा आहे, अशी त्यांची धारणा होती. ती चळवळ माणसांनी वर्गात उभे राहून चालवली.

आपल्याकडे हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. २०२० मध्ये महामारीत शाळा बंद झाल्या आणि त्याच ग्रामीण भारताला ऑनलाइन शिका म्हणून फर्मावण्यात आले. २०२१ साली महाराष्ट्रात दहावीची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला ९९.९५ टक्के! परीक्षा न घेणे त्या वेळी अपरिहार्य असेलही. परंतु त्या दोन वर्षांत बुडालेले बीजगणित भरून काढण्यासाठी गावोगाव जादा शिक्षक का नेमले गेले नाहीत? आता मोबाइल घरोघर पोचला आहे, तेव्हा प्रश्न मिटला, असा साळसूद युक्तिवाद ऐकू येतो. मोबाइल पोचला, हे खरे. शिक्षक पोचला काय?

कामावर जाणाऱ्या तरुणांना, लग्न होऊन शाळा सुटलेल्या मुलींना दूरशिक्षण हे वरदान आहे, असे काही प्रामाणिक माणसेही म्हणतात. त्यांचे म्हणणे झिडकारण्यासारखे नाही. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतले ते याचसाठी. परंतु त्या कल्पनेत स्वयं-अध्ययनासाठी मराठीत लिहिलेली पुस्तके होती, अभ्यासकेंद्र होते आणि शंका सोडवणारा संमंत्रक होता. शिक्षक त्यात गृहीत होता. २०२१ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी ‘स्वयम्’वरील ऑनलाइन अभ्यासक्रमांना एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत वाव दिला. पदे रिक्त ठेवायची, उरलेले काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडून तुटपुंज्या मानधनात करून घ्यायचे आणि खिंडार पडले की त्यावर पडदा टांगायचा, असा हा व्यवहार आहे. यात वाचतो तो सरकारचा पगारखर्च, आणि बुडते ते गरिबाचे वर्ष.

एवढ्यावरही मूल अडले, तर त्याची सोय करून ठेवली आहे! २०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातून अशी तरतूद पुढे आली, की गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीत जाता येईल; मात्र पुढे हे विषय घेता येणार नाहीत, असा शेरा गुणपत्रिकेवर राहील. हा शेरा कोणाच्या मुलांच्या कपाळी बसेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

अजिंठ्याच्या याच डोंगररांगेत, चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. ‘बीजगणित’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने स्थापलेल्या मठाला दिलेल्या दानाची ती नोंद आहे. त्या मठात शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना स्थान नव्हते, म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण विद्या टिकवायची तर शिकवणाऱ्याच्या निर्वाहाची तरतूद करावी लागते, एवढे त्या सरंजामी सत्तेलाही कळत होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या मुलांसाठी चांगले प्रशिक्षित, चांगल्या पगाराचे शिक्षक मागितले. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यातील दलित-बहुजनांसाठी वर्गाचे दार खऱ्या अर्थाने उघडले. ते दार आता पडद्याआड बंद होऊ देता कामा नये.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. गणिताच्या शिक्षकांची सर्व रिक्त पदे पूर्ण वेतनावर भरा. तासिका तत्त्वाची वेठबिगारी थांबवा. सोयगावसारख्या प्रत्येक तालुक्यात, कामावरून परतलेल्यांना बसता येईल असा बीजगणिताचा विनामूल्य संध्याकाळचा वर्ग सुरू करा. ऑनलाइन साहित्य मराठीत आणि मोफत द्या. ते शिक्षकाच्या हाती पूरक साधन म्हणून राहू द्या. आणि विद्यार्थी, पालक, शिक्षक यांच्या संघटनांनी हा प्रश्न वेगवेगळ्या अर्जविनंत्यांत विखुरू न देता एकजुटीने रस्त्यावर आणावा. फर्दापूरच्या मुलांना वीस गुणांची भीक नको आहे. त्यांना शिक्षक हवा आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे.