फोक्सी म्हणजे गावरान नव्हे

'फोक्सी' या अमेरिकी विशेषणाला आपण 'घरगुती' किंवा 'गावरान' म्हणून मोकळे होतो. पण त्यात कौतुकासोबत संशयही मुरलेला असतो: हा साधेपणा अंगचा की अंगावर चढवलेला? अमेरिकेचे माजी अध्यक्ष धाकटे बुश जन्मले कनेक्टिकटमध्ये, शिकले येल-हार्वर्डला. टेक्सासातल्या क्रॉफर्डचं रँच घेतलं १९९९ मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर. त्यांच्या टेक्सासी ढंगाला हा शब्द चपखल बसला. (बालपण टेक्सासातच गेलं, ढंग सगळाच उसना नव्हता.) कुणी विचारेल, मग भुईमुगाची शेती करणारे माजी अध्यक्ष जिमी कार्टर? तेही फोक्सीच ना? खरं आहे; पण ते पद सुटल्यावर जॉर्जियातल्या प्लेन्स गावच्या आपल्या जुन्या, १९६१ मध्ये बांधलेल्या घरी परतले आणि २०२४ मध्ये तिथेच वारले. हा फरक 'गावरान'मध्ये उतरत नाही. भाषांतरकारांनो, 'गावरान थाटाचा' लिहा. 'थाट' तेवढा गाळू नका.