तापले की घट्ट, गार झाले की सैल: ‘स्मार्ट’ पॉलिमरचे कौतुक कुठवर करायचे?

चायना ग्रास उकळत्या पाण्यात विरघळते आणि गार झाल्यावर जमते. मिथाइलसेल्युलोज नेमके उलटे वागते. ते थंड पाण्यात विरघळते आणि तापवले की जेल होते. वनस्पतीजन्य ‘मीट’ची पॅटी तव्यावर मोडत नाही, त्यात त्याचा हात असतो.

तापमानानुसार वागणूक बदलणाऱ्या पॉलिमरमधले सर्वांत चर्चेतले नाव म्हणजे पीनायपॅम. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या खाली त्याच्या साखळ्या पाण्याचे रेणू धरून पसरलेल्या असतात. त्यावर तापमान गेले की पाणी सुटते आणि साखळ्या आक्रसतात. शरीराचे तापमान ३७ अंश. म्हणजे अंतर जेमतेम पाच अंशांचे, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

पेशींची चादर

पेशी वाढवायच्या डिशवर या पॉलिमरचा अतिशय पातळ थर द्यायचा. ३७ अंशांना पेशी त्यावर चिकटून वाढतात. डिश २० अंशांपर्यंत गार केली की पृष्ठभाग पाणी ओढून घेतो आणि पेशींचा अख्खा थर अलगद सुटतो. एरवी त्यासाठी ट्रिप्सिन हे एन्झाइम वापरावे लागते, त्यात पेशींमधले दुवेही तुटतात. जपानमध्ये तेरुओ ओकानो यांच्या गटाने हे तंत्र विकसित केले. २००४ मध्ये तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींची अशी चादर चार रुग्णांच्या डोळ्यांवर बसवल्याचे जपानी डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. कल्पना खरोखर सुंदर आहे.

गडबड कुठे झाली?

पण सुंदर कल्पना म्हणजे सिद्ध उपचार नव्हे. टेरुमो कंपनीच्या ‘हार्टशीट’मध्ये रुग्णाच्याच मांडीच्या स्नायूपेशींची चादर हृदयावर ठेवली जाई. २०१५ मध्ये जपानने त्याला सशर्त मंजुरी दिली. आधार होता फक्त सात रुग्णांच्या चाचणीचा! परिणामकारकता नंतर दाखवा, असा तो करार. २०२४ मध्ये सरकारी तज्ज्ञ समितीने ती सिद्ध झाली नसल्याचे सांगितले आणि उत्पादन थांबले.

यात पॉलिमरचा दोष नाही, त्याने आपले काम चोख केले. चूक होती ती घाईची. गंभीर हृदयविकाराच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करून, त्याच्याकडून पैसे घेऊन पुरावा गोळा करणे योग्य नव्हते. मंजुरीआधीच मोठी, तुलनात्मक चाचणी मागायला हवी होती. ती डिश मात्र संशोधनासाठी अजूनही विकली जाते.