‘सीआयडी’ : लेखकांनी टाळलेला तपास

१/४ भांडगावात साधी चोरी झाली, तरी पोलिसांना पंचनामा, साक्षीदार आणि मुद्देमाल जमवावा लागतो. २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेल्या ‘सीआयडी’च्या लेखकांना मात्र दयाची एक थप्पड पुरली.

२/४ १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम २५ स्पष्ट होते : पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. म्हणजे मालिकेचा भाग जिथे संपतो, तिथे खटला उभाच राहत नाही.

३/४ दोष शिवाजी साटमांच्या अभिनयाचा नाही. त्यांनीच बी. पी. सिंग यांच्यासह दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही संयत मराठी पोलीसमालिका केली होती.

४/४ दयाने दार खुशाल तोडावे. पण त्या दारामागे पुरावा ठेवणे हे लेखकाचेच काम. लोकप्रियता त्यातून सूट देत नाही.